सेकंड हँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली त्याची गोष्ट: सर्व्हिस फाईल, कूलंट आणि आरटीओ

२०२५ च्या फेब्रुवारीत शोध सुरू केला आणि जुलैच्या शेवटी माझ्या नावाची आरसी घरी आली. मधल्या काळात इतके प्रश्न पडले आणि त्यांची उत्तरं इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून गोळा करावी लागली की जो कोणी सात-आठ वर्षं जुनी फास्ट गाडी घ्यायचा विचार करतोय त्याला हे सगळं एकत्र मिळावं असं मनापासून वाटलं, म्हणून क्रमाने लिहितोय. आकडे माझ्या व्यवहारातले आहेत, शहर पुणे.

गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. २०१७ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा किंमत साधारण साडेचोवीस लाख एक्स-शोरूम होती, २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० एनएम टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिसायला साधी सेडान, डिकी एवढी मोठी की गावाला जाताना आईची सगळी पिशव्यांची फौज आरामात मावते, आणि एक्स्प्रेसवेला ओव्हरटेक करताना विचार करायला लागत नाही. नवीन घेणं मला कधीच परवडलं नसतं.

आधी माझी नजर साध्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयवर होती कारण ती स्वस्तात मिळते आणि १८० पीएस काही कमी नाही. पण वाचता वाचता एक गोष्ट कळली जी माझ्या मते या फॅमिलीतली कुठलीही गाडी घेणाऱ्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावी. डीएसजी म्हणजे एकच गिअरबॉक्स नाही. १.८ ला सात गिअरचा ड्राय क्लचवाला आहे, कोड डीक्यू२००, तो २५० एनएमच्या वर झेलत नाही म्हणून त्या इंजिनाचा टॉर्कसुद्धा २५० ला बांधलेला आहे, आणि त्याचा मेकाट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जाण्याचा इतिहास जगभर आहे. आरएसला सहा गिअरचा डीक्यू२५० येतो, त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, ट्रॅफिकमध्ये कमी तापतात, फक्त दर ६०,००० किमीला त्याचं ऑइल आणि फिल्टर बदलावंच लागतं. म्हणजे जास्त ताकदीच्या गाडीचा गिअरबॉक्स उलट जास्त भरवशाचा, पण ते ६०,००० चं काम झालंय का हे कागदावर दिसलं पाहिजे. तिथून माझं सगळं लक्ष किलोमीटरवरून फाईलकडे वळलं.

बजेट वीस लाख ठरवलं, पण गाडीची किंमत वीस लाख असं नाही. त्यातले दोन लाख पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला आणि तेवढे शिल्लक राहत नसतील तर ती गाडी आपली नाही, असं मी आणि बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं. या वयाच्या गाडीला कंपनीची वाढीव वॉरंटी मिळत नाही, आणि बऱ्याच बँका लोन संपेपर्यंत गाडीचं वय किती होईल ते बघतात त्यामुळे लोनही मनासारखं मिळत नाही. आम्ही बहुतेक रक्कम साठवलेल्या पैशांतून दिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याला पहिली गाडी बघितली. ४१,००० किमी, चकाचक, लाल रंग, बघताक्षणी घ्यावीशी वाटेल अशी. मालक म्हणाले एकदम नॉन-ॲक्सिडेंट, कमी चाललेली. निघायच्या आधी मी त्यांना फोनवर दोनच गोष्टी मागितल्या होत्या, चालू इन्शुरन्स पॉलिसीचा फोटो आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढलेली सर्व्हिस हिस्टरी. ही हिस्टरी मालकाने सांगितलं तर सर्व्हिस सेंटरवाले काढून देतात, तारीख, किमी आणि काय काम झालं एवढं त्यात असतं. २०१९ मध्ये ३१,००० ला नोंद, त्यानंतर थेट २०२३ मध्ये ३९,०००. मधल्या चार वर्षांत काहीच नाही. बाहेर सर्व्हिस केली, बिलं ठेवली नाहीत असं उत्तर आलं. आता चार वर्षांत आठ हजार किमी ही गोष्ट लॉकडाऊनमुळे खरीही असू शकते, पण तेल किलोमीटर मोजत बसत नाही, ते वर्षानेही खराब होतं, ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि टर्बो इंजिनात चार वर्षं तेच तेल फिरलं असेल तर टर्बोच्या बेअरिंगचं काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

पॉलिसीने तर आणखी सांगितलं. त्यावर नो क्लेम बोनस २० टक्के होता. हा बोनस क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षाला २०, २५, ३५, ४५ आणि ५० असा वर चढतो आणि क्लेम केला की शून्यावर येतो. साडेसात वर्षांच्या गाडीला २० टक्के म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. (मध्ये पॉलिसी लॅप्स झाली असेल तरीही बोनस जातो, त्यामुळे विचारून घ्यावं.) मी पेंटची जाडी मोजायचं छोटं मीटर भाड्याने नेलं होतं. बाकी पत्र्यावर १०० ते १३० मायक्रॉन येत होते आणि उजव्या पुढच्या फेंडरवर आणि दरवाज्यावर ३०० च्या पुढे. रंग पुन्हा मारलाय यात गुन्हा काही नाही, पण मग ‘नॉन-ॲक्सिडेंट’ म्हणायचं नाही.

शेवटचा खिळा ओबीडी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणाऱ्या यंत्राने, ठोकला. एकही एरर नव्हता, पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या पार्श्वभूमीला करत असते, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्यातल्या निम्म्या ‘नॉट रेडी’ दाखवत होत्या. म्हणजे एकतर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा एरर नुकतेच पुसले होते. हे बघणं खूप सोपं आहे, हजार-दीड हजाराच्या ब्लूटूथ स्कॅनरवरसुद्धा दिसतं, आणि एरर नाही हे ऐकून खूश होण्याआधी सगळ्यांनी बघावंच. मी आभार मानले आणि ठाण्याहून परत आलो. मन खट्टू झालं होतं हे खरंय, कारण त्या लाल रंगाची इमेज डोक्यात बसली होती.

मग बेंगळुरूची एक गाडी फोटोंवरून आवडली, फाईलही चांगली होती, किंमत दीड लाखाने कमी. पण केए, म्हणजे कर्नाटक पासिंग. आपल्याकडे कायमची आणायची तर तिथून एनओसी, इथे पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा. पेट्रोल गाडीला वीस लाखांवरच्या किमतीसाठी आपला दर १३ टक्के आहे, वयानुसार तो कमी होतो तरी रक्कम छोटी नाही, आणि कर्नाटकातला टॅक्स परत मिळवायला तिथे वेगळा अर्ज. स्वस्त वाटलेले दीड लाख तिथेच संपत होते. सोडून दिली.

एप्रिलच्या मध्यावर कोथरूडची गाडी सापडली. डिसेंबर २०१७ चं रजिस्ट्रेशन, एमएच १२, पांढरी, ७४,००० किमी, पहिलेच मालक. काका रिटायर्ड इंजिनिअर, मुलगा परदेशात, गाडी आता कमी वापरली जाते म्हणून विकायची. मी आधीच सांगून ठेवलं होतं की सकाळी येतो, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावला, गार होता. थंड इंजिनाचे पहिले दोन-तीन सेकंद फार बोलके असतात, टायमिंग चेनचा खडखडाट असेल तर तेव्हाच ऐकू येतो, गरम झाल्यावर लपतो. आवाज स्वच्छ आला. आयडलला ऑइल फिलरचं झाकण उघडून बघितलं, खूप जोर लावायला लागला किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारा वायू बाहेर सोडणारा) गेलेला असू शकतो. तेही ठीक होतं.

मग काकांनी फाईल आणली. मी अशी फाईल कुणाकडे बघितलेली नाही. तारखेप्रमाणे लावलेली बिलं, प्रत्येकावर पेनाने किमी लिहिलेले, टायरची पावती, बॅटरीची वॉरंटी, ६१,००० किमीला डीएसजी ऑइल बदलल्याचं बिल आणि त्यावर फिल्टरची वेगळी ओळ. ती ओळ बघून मला खरंच हायसं वाटलं, कारण काही ठिकाणी फक्त तेल ओततात आणि फिल्टर तसाच ठेवतात.

“तुम्ही निवांत बसून वाचा,” काका म्हणाले, “मला घाई नाही.” आणि चहा सांगितला. मी तासभर वाचत बसलो. बिल वाचताना लोक मोठ्या आकड्याकडे बघतात, मला वाटतं छोट्या ओळी जास्त महत्त्वाच्या आहेत. २०२२ च्या सर्व्हिसच्या बिलात चौदा हजारांच्या यादीत खाली कुठेतरी एक ओळ होती, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) टॉप-अप, ३०० मिली. २०२३ च्या बिलात परत कूलंट, अर्धा लिटर. २०२४ ला जवळजवळ एक लिटर. प्रत्येक वेळी दोन-चारशे रुपयांचं काम, कुणाच्या डोळ्यांत येणार नाही. पण कूलंट हे बंद सिस्टीममध्ये फिरतं, ते दरवर्षी वाढत्या मापाने कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय.

“काका, ही तीन बिलं शेजारी शेजारी ठेवून बघा,” मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि स्वतःच म्हणाले, “अरे, हे मला त्यांनी कधी सांगितलंच नाही.” त्यांनी लपवलेलं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतक्या नीट माणसाची गाडी म्हणून माझा विश्वास उलट वाढला.

आरएसमधल्या या इंजिनाचं, कोड ईए८८८, हे ठरलेलं दुखणं आहे. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं एकत्र हाऊसिंग प्लॅस्टिकचं असतं, गरम-थंड होऊन होऊन ते वाकतं किंवा त्याचं सील सुटतं आणि कूलंट झिरपायला लागतं. ते बसवलंय इंटेक मॅनिफोल्डच्या खाली गिअरबॉक्सच्या बाजूला, त्यामुळे थेंब जमिनीवर पडायच्या आधीच गरम भागावर वाळून जातात आणि पार्किंगमध्ये डाग दिसत नाही.

पुढच्या शनिवारी काकांना सोबत घेऊन गाडी माझ्या ओळखीच्या गॅरेजला नेली, फक्त स्कोडा-फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्या करतात ते लोक. तपासणीचे ४,५०० रुपये, स्कॅन आणि लिफ्ट धरून. विकणाऱ्याला न्यावंच, कारण मग पुढचं बोलणं सोपं जातं. मेकॅनिक दादांनी हवेचा पाईप काढला आणि कॅमेऱ्याची बारीक वायर आत सोडली. स्क्रीनवर हाऊसिंगच्या कडेला गुलाबी खपली दिसली, वाळलेल्या मिठासारखी, आणि खाली गिअरबॉक्सच्या केसिंगवर तिचा एक ओघळ. काका मान हलवत बराच वेळ बघत राहिले.

बाकी तपासणीत एक इंजिन माउंट दमलेला निघाला, पुढच्या ब्रेक डिस्कना कडेला चांगली धार आलेली, आणि टायरवर २०१८ चे आकडे. टायरच्या बाजूला गोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नक्षी कितीही शिल्लक असली तरी सात वर्षांचं रबर २३० पीएसला वापरायचं नाही. गिअरबॉक्ससाठी दादांनी गाडी बराच वेळ चालण्याच्या वेगाने चालवली, दुसऱ्यावरून पहिल्यात पडताना झटका येतो का, चढावर रिव्हर्सला थरथरते का, न्यूट्रलला फ्लायव्हीलचा खुळखुळाट आहे का. काही नव्हतं. इंजिन रिमॅप झालंय का, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का, हेही विचारून घ्या, विकायच्या आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकता येतं पण कंट्रोल युनिटमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याचा माग बऱ्याचदा राहतो. ही गाडी कधी उघडलेलीच नव्हती.

गॅरेजने लेखी अंदाज दिला. पंप आणि हाऊसिंग ४६,०००, चार टायर ५८,०००, पुढच्या डिस्क-पॅड ३८,०००, माउंट १८,०००. एकूण १ लाख ६० हजार. काकांची मागणी १८ लाख ७५ हजार होती. मी म्हटलं की टायर आणि ब्रेक वापराने झिजणारच, त्यातला काही भार माझा, पण गळती आणि माउंट पूर्ण तुमच्याकडे. थोडं इकडेतिकडे होऊन १७ लाख ६० हजारला ठरलं. घासाघीस अशी झालीच नाही, कागद मधे होता. २५,००० इसार बँकेतून दिला आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची बँकेच्या लोनची नोंद) निघाल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत, आणि ती निघाली नाही तर इसार परत.

आता एचपी. काकांनी लोन २०२१ मध्येच फेडलं होतं, बँकेचं एनओसीही घेतलं होतं, पण आरटीओत जाऊन नोंद काढायची राहिली होती. हे फार घरांत होतं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर बँकेचं नाव अजून दिसत होतं. बँकेच्या त्या पत्राची मुदत ठरावीक महिन्यांचीच असते, त्यामुळे नवं पत्र आणि फॉर्म ३५ (एचपी काढण्याचा अर्ज) च्या दोन सह्या-शिक्क्याच्या प्रती मागवायला लागल्या. लोन बंद झालेल्या खात्याची फाईल दुसऱ्या शहरात गेली होती, पत्र यायला मे महिना संपत आला. या काळात रोज वाटायचं की काकांना दुसरं कुणी जास्त पैसे देईल. त्यांनी दोन गिऱ्हाइकांना नाही सांगितलं, हे नंतर कळलं.

त्यात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ही नंबर प्लेट बसवणं सक्तीचं केलं होतं, मुदत सारखी पुढे जात होती, पण प्लेट नसेल तर ट्रान्सफरसारखी आरटीओची कामं अडवतील असं स्पष्ट सांगितलेलं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. बुकिंग मालकाच्या नावाने करावं लागतं, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जातो, आणि वाहन पोर्टलवर काकांचा नंबर जुना निघाला, बंद पडलेला. आधी तो आधारवरून बदलला, मग प्लेटची तारीख मिळाली, ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. व्यवहार ठरवायच्या दिवशीच विचारा, तुमच्या गाडीच्या आरसीला लागलेला मोबाईल नंबर चालू आहे का. आमचे जवळपास तीन आठवडे यातच गेले.

प्लेट लागल्यावर काम पुढे सरकलं. मालकी बदलाचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३०, फॉर्म ३५, बँकेचं पत्र, पीयूसी, इन्शुरन्स, दोघांचं आधार-पॅन, माझा पत्त्याचा पुरावा. आणि चेसिस नंबरचा ठसा, जो अजूनही नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढतात, तो पुसट आला की कागद परत येतो म्हणून दोन-तीन ठसे काढून ठेवा. ऑनलाइन फी भरून संगम पुलाजवळच्या ऑफिसात कागद जमा केले, एजंटने ४,००० घेतले. स्वतःही करता येतं, मला सुट्टी मिळत नव्हती. जुने ई-चलन काकांनी आधीच भरून टाकले, थकबाकी असेल तर तिथे अडकतं.

एचपी निघाल्याचं ॲपवर दिसलं त्याच संध्याकाळी उरलेले पैसे ट्रान्सफर केले आणि गाडी घरी आणली. किल्ल्या दोन्ही घ्या, दुसरी किल्ली नसेल तर या गाड्यांना ती बनवणं महाग पडतं.

इन्शुरन्सचं थोडं सविस्तर सांगतो कारण यात धोका आहे. गाडी विकल्यावर थर्ड पार्टी भाग नव्या मालकाकडे कायद्याने आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी लागते. काकांचा ५० टक्के बोनस त्यांचाच, तो त्यांच्या पुढच्या गाडीला लागेल, मला फरक भरावा लागला, साधारण ९,०००. कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (सुट्या भागांची घट न धरता पूर्ण पैसे देणारं कव्हर) सहसा मिळत नाही, प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घट धरतात, म्हणजे बंपर किंवा हेडलाईट फुटला तर अर्धा खर्च आपला. बाजूला ठेवलेले दोन लाख यासाठीही आहेत.

गाडी आल्यावर लगेच गॅरेजला टाकली. पंपाचं काम अंदाजापेक्षा वाढून ४९,५०० झालं कारण एक होजसुद्धा कडक झाला होता, टायर ५६,०००, माउंट १७,०००. नवे टायर बसल्यावर मागून एक घूं आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला, आधी जुन्या टायरच्या आवाजात तो बुडाला होता. मागची एक व्हील बेअरिंग, १४,०००. डिस्क अजून चालतील म्हणाले, त्या पुढच्या सर्व्हिसला. कंपनी १५,००० किमी किंवा एक वर्ष म्हणते पण मी इंजिन ऑइल साडेसात हजारला बदलतोय, व्हीडब्ल्यू ५०२ स्पेसिफिकेशनचंच. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं टाकतो. ही गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी बनवलेली नाही, त्यामुळे इंधनाचे पाईप आणि जोड दर सर्व्हिसला बघून घ्यायला सांगितलंय, वास आला तर थांबायचं. कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारलीय, ती अजून जिथल्या तिथे आहे.

जुलैच्या शेवटी आरसीचं कार्ड स्पीड पोस्टने आलं. आल्या आल्या नावाचं स्पेलिंग, पत्ता, इंजिन नंबर आणि एचपीचा रकाना रिकामा आहे ना हे तपासा, चूक असेल तर लगेच अर्ज करता येतो. काकांनी त्यांचा जुना फास्टॅग बंद केला, मी नवा घेतला. आरसीचा फोटो काकांना पाठवला, तो विकणाऱ्याला नेहमी पाठवा, कारण नाव बदलेपर्यंत कॅमेऱ्याचं प्रत्येक चलन त्यांच्या मोबाईलवर जात असतं आणि त्यांना कळायला हवं की आता ते थांबलं. कुणी आरएस किंवा १.८ बघत असेल आणि पॉलिसी किंवा सर्व्हिस हिस्टरी कशी वाचायची ते कळत नसेल तर मला पाठवा, वैयक्तिक माहिती झाकून, मी बघून सांगेन.